"हा कुणाचा?": पैदाशीच्या घोड्याचा बाजार वाचायला शिकताना

जुलैत पुण्याचा घोड्यांच्या शर्यतींचा मोसम सुरू झाला की पॅडॉकच्या (शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या जागेच्या) कठड्याशी एक प्रश्न हमखास कानावर पडतो. समोरून एखादं उमदं जनावर गेलं की शेजारी उभा असलेला जुना शौकीन विचारतो, "हा कुणाचा?" नवा माणूस घाईघाईने रेसकार्ड उघडून मालकाचं नाव सांगतो. विचारणाऱ्याला मालकाशी देणंघेणं नसतं. त्याला बापाचं नाव हवं असतं.

रेसकोर्सवर शर्यत लागते एक-दीड मिनिटाची, लांब पल्ल्याची असली तर तीन मिनिटांची. पण तिच्यामागे दुसरी एक शर्यत वर्षानुवर्षं चालू असते, ती स्टड फार्मवरच्या स्टॅलियनांची, म्हणजे पैदाशीसाठी राखलेल्या नरांची. एका वर्षी ज्याच्याकडे घोड्या पाठवायला रांग लागते, त्याचं नाव चार वर्षांनी कुणी घेत नाही. आणि ज्याला सगळ्यांनी सोडून दिलेलं असतं, त्याची पोरं एका हंगामात असं काही करून दाखवतात की पुन्हा रांग लागते. तुम्हाला घोड्यात भागीदारी घ्यायची असेल, किंवा नुसतं या जगाकडे जाणतेपणाने बघायचं असेल, तर हा चढउतार वाचता यायला हवा. तो कसा वाचायचा, ते मी शिकलो त्या क्रमाने सांगतो.

कार्डावरच्या दोन नावांपासून सुरुवात करा

रेसकार्डात घोड्याच्या रंग, लिंग, वयासोबत दोन नावं छापलेली असतात. पहिलं बापाचं, दुसरं आईचं. पहिला महिना-दीड महिना पैशाचा विचार बाजूला ठेवा आणि फक्त बापाची नावं वाचा. तीच पंधरा-वीस नावं पुन्हा पुन्हा येतात हे दुसऱ्याच रविवारी लक्षात येईल.

इथे एक घोळ सगळ्यांचाच होतो. एका बापाची दोन पोरं म्हणजे सावत्र भावंडं, असं आपल्याला वाटतं. घोड्यांच्या जगात तसं म्हणत नाहीत. एका स्टॅलियनची पोरं शेकड्यांनी असतात, आईला मात्र वर्षाला एकच शिंगरू होतं. त्यामुळे हाफ-ब्रदर, हाफ-सिस्टर हे शब्द फक्त एका आईच्या पोरांसाठी वापरतात. कुणी विकायला आलेला तुम्हाला "हा त्या डर्बीवाल्याचा भाऊ" म्हणाला, तर लगेच विचारा: आईकडून ना? उत्तर गुळमुळीत आलं तर समजून घ्या.

मग कॅलेंडर मांडा

स्टॅलियनच्या लोकप्रियतेत जे काही घडतं, त्याचं निम्मं कारण कॅलेंडरात असतं. कागद-पेन्सिल घेऊन बसा, हे तोंडी लक्षात राहत नाही.

समजा, एक नवा घोडा २०२६ च्या वसंतात पहिल्यांदा पैदाशीला लागला. थरोब्रेडमध्ये, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या जातीत, कृत्रिम रेतन चालत नाही. तसं जन्मलेलं शिंगरू स्टड बुकात (वंशावळीच्या नोंदवहीत) नोंदलंच जात नाही, म्हणून घोडीला प्रत्यक्ष त्या फार्मवर न्यावं लागतं. घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते, म्हणजे पहिली शिंगरं २०२७ मध्ये. जन्म जानेवारीत होवो की मेमध्ये, वय मोजायचं १ जानेवारीपासून. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्याला चार महिन्यांची आघाडी मिळते, आणि म्हणूनच ब्रीडर थंडीतच तबेल्यात दिवे लावून उजेड सोळा तासांपर्यंत वाढवतात. दिवस मोठा झाला असं घोडीच्या शरीराला वाटतं आणि ती लवकर माजावर येते.

ही २०२७ ची शिंगरं २०२९ मध्ये दोन वर्षांची होतील आणि त्या हिवाळ्यात मुंबईला पहिल्यांदा पळतील. गिनीज शर्यती तीन वर्षांच्या घोड्यांच्या, त्या डिसेंबर २०३० मध्ये. इंडियन डर्बी महालक्ष्मीला फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होते. तोवर १ जानेवारी उलटलेली असते, म्हणून आपली डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची. ती येईल २०३१ मध्ये. आणि आपल्या पुण्याची मानाची शर्यत, इंडियन सेंट लेजर, सप्टेंबर २०३१ मध्ये.

आता मोजा. २०२६ पासून २०३० पर्यंत पाच मोसम त्या घोड्याकडे घोड्या गेल्या, आणि त्यातल्या निदान पहिल्या चार मोसमांत त्याचं एकही पोर धावलेलं नव्हतं. हे चार मोसम बाजार कशावर चालला? घोड्याच्या स्वतःच्या शर्यतींवर, त्याच्या बापाच्या नावावर, त्याच्या रुपावर आणि फार्मवाल्याच्या बोलण्यावर. हे गणित एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं.

मधल्या वर्षांची उतरण ओळखा

पहिल्या मोसमात नव्या घोड्याचं कौतुक असतं. त्याच्या शर्यती लोकांच्या डोळ्यांसमोर ताज्या असतात. ब्रीडरलाही माहीत असतं, की या वर्षी होणारं शिंगरू विकायला काढीन तेव्हा या बापाचं एकही पोर हरलेलं नसेल, तेव्हा गिऱ्हाईक आशेवर पैसे देईल.

तिसऱ्या मोसमात गणित उलटतं. २०२८ ला घोडी भरवली, २०२९ ला शिंगरू झालं, २०३० ला ते विकायला आलं, आणि तोवर पहिली बॅच, म्हणजे पहिल्या वर्षीची शिंगरं, धावून मोकळी झाली. ती चालली नाही तर हातातलं शिंगरू कोण घेणार? म्हणून ब्रीडर तिसऱ्या-चौथ्या मोसमात अंग काढून घेतात. परदेशात, जिथे स्टॅलियनची फी (घोडी भरवण्याचे पैसे) जाहीर होते, तिथे या वर्षांत फी उतरलेली स्पष्ट दिसते. ही उतरण घोड्यात काही खोट आहे म्हणून नसते. अजून काहीच कळलेलं नाही, म्हणून ती असते.

दुबावीचं उदाहरण मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. त्याचा बाप दुबई मिलेनियम २००१ मध्ये पैदाशीच्या पहिल्याच हंगामात मेला, मागे एकच बॅच ठेवून. त्या बॅचमधला हा दुबावी. २००६ मध्ये इंग्लंडमध्ये त्याची फी होती २५,००० पौंड. उतरत उतरत २००९ मध्ये ती १५,००० वर आली. त्याच वर्षी त्याची पहिली पोरं धावायला लागली आणि पुढच्या मे महिन्यात पहिल्या बॅचमधल्या मकफीने न्यूमार्केटला २००० गिनीज मारली. पुढे त्याची फी लाखांत गेली. २०२३ मध्ये ती ३,५०,००० पौंड होती. अमेरिकेत इन्टू मिस्चिफचं असंच झालं: २००९ मध्ये १२,५०० डॉलर, मग घसरण ७,५०० पर्यंत, आणि नंतर २,५०,०००. २०१९ पासून सलग काही वर्षं तो तिथला अव्वल सायर (पैदाशीचा बाप) होता.

याचा अर्थ उतरलेला प्रत्येक घोडा उसळी मारतो असा घेऊ नका. बहुतेक उतरलेले उतरलेलेच राहतात. पण तिसऱ्या-चौथ्या वर्षी "तो संपला" असं ऐकलं, तर सांगणाऱ्याला एकच विचारा: त्याची किती पोरं धावली? उत्तर शून्य असेल तर ते मत नसून भीती आहे.

पोरं मोजताना आधी आया मोजा

माझ्या मते नव्या माणसाची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. "या सायरचे या मोसमात पंधरा विनर" असं कानावर येतं आणि आपण भारावतो. पंधरा कितीतले? चाळीस धावले असतील तर उत्तम, दीडशे धावले असतील तर काहीच नाही. आणि जिंकले कुठे? तळाच्या वर्गातलं हँडिकॅप (वजन कमी-जास्त देऊन बरोबरी साधलेली शर्यत) जिंकणं आणि ग्रेड वनचा, म्हणजे सर्वोच्च दर्जाचा, कप जिंकणं यांची एकत्र बेरीज करू नका.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आया कोण होत्या. लोकप्रिय स्टॅलियनला फार्मवरच्या सर्वोत्तम घोड्या मिळतात, म्हणजे त्याची अर्धी लढाई आधीच जिंकलेली असते. ज्याची हवा गेली त्याच्या वाट्याला उरलेल्या घोड्या येतात. अमेरिकेतल्या आकडेवारीत यासाठी दोन निर्देशांक असतात. पहिला सांगतो की या सायरच्या पोरांनी सरासरीच्या किती पट कमावलं, सरासरीला १ धरून. दुसरा सांगतो की त्या पोरांच्या आयांना दुसऱ्या सायरांपासून झालेल्या पोरांनी किती कमावलं. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल, तर घोड्याने आयांना वर उचललं. लहान असेल, तर आयांनी घोड्याला सावरून धरलं आहे. पहिला १.८ आणि दुसरा २.१ असलेला प्रसिद्ध घोडा मला पहिला १.३ आणि दुसरा ०.९ असलेल्या अप्रसिद्ध घोड्यापेक्षा कमी वाटतो.

आपल्याकडे असे तयार आकडे सहज हाताशी येत नाहीत, पण हेच काम हाताने करता येतं. दहा आया निवडा, त्यांची या सायरची पोरं एका बाजूला आणि इतर सायरांची दुसऱ्या बाजूला लिहा. एक रविवार जातो, पण या रविवारी जे कळतं ते वर्षभराच्या गप्पांत कळत नाही. यासाठी लागणारी नोंद पुण्यातच ठेवली जाते, हे बऱ्याच पुणेकरांना माहीत नाही. देशभरातल्या थरोब्रेड शिंगरांची नोंद करणाऱ्या स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडियाचं कार्यालय आपल्या रेसकोर्सवर, अर्जुन मार्गावर आहे. डीएनए तपासून आईबाप खरे ठरल्याशिवाय शिंगरू बुकात चढत नाही. या वंशावळी ऑनलाइनही बघता येतात.

आपल्याकडचा बाजार वेगळा आहे

परदेशी मासिकं वाचून पुण्यात निर्णय घेऊ नका. तिथे हजारो लहान ब्रीडर वेगवेगळ्या फार्मवरच्या स्टॅलियनांना घोड्या पाठवतात, म्हणून फी हा लोकप्रियतेचा तापमापक असतो. आपल्याकडे मोठ्या फार्मचा स्टॅलियन बहुतेक करून त्याच फार्मच्या घोड्यांवर वापरला जातो. फी जाहीर होऊन चढली-उतरली असं क्वचित दिसतं. शिंगरंही मोठ्या प्रमाणात फार्मवरच खाजगीत विकली जातात, किंवा लीझवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती, दिली जातात.

मग चढउतार कुठे दिसणार? फार्म आपल्या सर्वोत्तम घोड्या कुणाकडे पाठवतं त्यात. ज्या घोडीने आधी क्लासिक (गिनीज, डर्बी यांसारख्या मानाच्या शर्यतीचा) विजेता दिला, ती या वर्षी कुणाकडे गेली? फार्मवाला तोंडाने कुणाचीही तारीफ करील, पण ती घोडी तो विश्वास असेल तिथेच पाठवील. दोन-तीन वर्षं जुन्या स्टॅलियनकडून नव्याकडे चांगल्या घोड्या सरकताना दिसल्या, तर फार्मचं मन बदललं असं खुशाल धरा.

दुसरा फरक म्हणजे आपले बरेचसे स्टॅलियन परदेशातून येतात, आणि तिथली मागणी ओसरल्यावर किंवा ती कधी आलीच नाही म्हणून येतात. शिखरावरचा घोडा आपल्या आवाक्यात नसतो. म्हणून "तिथे नाकारलेला" हे ऐकून नाक मुरडू नका. रझीन आठवा. नॉर्दर्न डान्सरचा मुलगा, १९९० च्या एप्सम डर्बीत सर्वांचा आवडता, आणि त्या डर्बीत तो साफ मागे पडला. तोच घोडा भारतात उषा स्टडवर आला आणि वर्षानुवर्षं देशातला अव्वल सायर राहिला. गंमत अशी की त्याच्या बापालाही एका वर्षाचा असताना २५,००० डॉलरला कुणी घेतलं नव्हतं. त्याच नॉर्दर्न डान्सरच्या शिंगरांपैकी जवळपास चौथा हिस्सा पुढे स्टेक्स (वरच्या दर्जाच्या) शर्यतींचे विजेते निघाले.

याच्या उलटही होतं. तिकडचं मोठं नाव इथे येऊन काहीच करत नाही. हवामान, जमीन, इथल्या घोड्यांचं रक्त, सगळं वेगळं. माझी साधी पद्धत अशी: आयात स्टॅलियनच्या परदेशी पराक्रमाला पहिल्या बॅचपुरतंच वजन द्यायचं. त्यानंतर इथली पोरं काय करतात तेवढंच बघायचं.

पुण्याच्या आसपास हे सगळं जवळून बघायची सोय आहे, हे आपलं भाग्य. हडपसरला सोली पूनावाला यांनी १९४६ मध्ये स्टड फार्म सुरू केला. तिथले निवृत्त घोडे सीरम काढायला मुंबईच्या हाफकिन संस्थेला जात, आणि त्यातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. जगाला लस पुरवणाऱ्या कारखान्याचं मूळ घोड्यांच्या पागेत आहे, हे मला आजही फार मोठं वाटतं. तळेगावच्या बाजूला नाणोलीचा फार्म आहे. पण हे फार्म म्हणजे सहलीची ठिकाणं नाहीत. ओळखीच्या ट्रेनरमार्फत, वेळ ठरवून, आणि घोड्या विण्याचा काळ टाळून जा.

फार्मवर गेल्यावर

स्टॅलियनला बाहेर काढून उभं केलं की सगळे त्याच्याकडे बघतात. तुम्ही मोतद्दाराकडेही, म्हणजे त्याची निगा राखणाऱ्याकडेही, बघा. जनावराच्या स्वभावाबद्दल जितकं त्याला माहीत असतं तितकं कुणालाच नसतं. काका, पोरं बापावर जातात का, असं आदराने विचारलंत तर तो मन मोकळं करतो. मला एका मोतद्दाराने एकदा सांगितलं होतं, की अमुक घोड्याची पोरं ट्रकमध्ये चढताना घाम फोडतात. ती सगळी पोरं घरच्या मैदानावर जिंकायची आणि प्रवास करून दुसरीकडे गेली की हरायची. कार्डावर हे कुठेच लिहिलेलं नसतं.

मग शिंगरं बघा, आणि एकाच सायरची निदान सहा-सात एकत्र बघा. एकटं शिंगरू काही सांगत नाही. सात उभी केली की बापाचा शिक्का दिसतो: गुडघे, खुरांची ठेवण, मागच्या पायांचा बाक. चांगली गोष्ट सातांत येत असेल तर सायर आपला ठसा उमटवतो आहे. वाईट गोष्ट सातांत येत असेल तर तो ठसाच आहे, आणि तुम्ही घेणार असलेल्या आठव्यातही तो असणार.

फळण्याचं प्रमाण विचारायला संकोचू नका: किती घोड्या भरवल्या आणि किती गाभण राहिल्या? अमेरिकेचा सिगार हा घोडा ३३ पैकी १९ शर्यती जिंकून १९९६ मध्ये निवृत्त झाला, त्याच्याकडे उत्तमोत्तम घोड्या गेल्या आणि एकही गाभण राहिली नाही. तो वांझ निघाला. इतकं टोकाचं क्वचितच होतं, पण वय वाढलेल्या स्टॅलियनची बॅच अचानक निम्म्यावर आली, तर लोकप्रियता घटली की फळण्याचं प्रमाण घटलं, हे वेगळं करून बघावं लागतं. कार्डावर दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो.

पैसे घालण्याआधी

आम्ही पाच मित्रांनी एकदा एक फिली (तरुण घोडी) लीझवर घेतली. तिच्या बापाची तेव्हा सगळीकडे चर्चा होती, पहिलीच बॅच होती आणि पॅडॉकवर जो तो त्याचंच नाव घेत होता. आम्ही आई बघितली नाही. आईची आधीची चार पोरं होती, त्यातलं एकही जिंकलं नव्हतं, आणि ही माहिती अर्ध्या तासात मिळाली असती. फिली दोन वर्षं तबेल्यात राहिली, खाणं-पिणं, ट्रेनरची फी, पशुवैद्य, सगळं आम्ही भरलं. ती गरीब जनावर जीव तोडून पळायची आणि चौथी-पाचवी यायची. तिचा दोष काहीच नव्हता. तेव्हापासून मी बापाचं नाव झाकून आईचं पान आधी वाचतो.

लीझच्या कागदात मुदत, बक्षिसातला फार्मचा वाटा आणि मुदत संपल्यावर फिली फार्मला परत जाणार का, हे तीन मुद्दे सहीआधी वाचा. चांगली फिली पैदाशीला परत मिळावी म्हणूनच फार्म ती विकत नाही, लीझवर देतं. फार्म एखाद्या सायरच्या फिली सगळ्या राखून ठेवत असेल आणि कोल्ट (तरुण नर) मात्र सहज विकत असेल, तर त्या सायरच्या मुलींवर त्यांचा विश्वास आहे असा त्याचा अर्थ होतो.

कराचंही बघा. शर्यतींवरच्या पैजेला २०१७ पासून २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. टोटवर, म्हणजे क्लबच्या पैजेच्या खिडकीवर, येणारा पैसा आटला की क्लबची कमाई आटते, बक्षिसं दबतात, मालक कमी घोडे घेतात आणि फार्म कमी घोड्या भरवतात. अशा काळात सगळ्याच स्टॅलियनांची बॅच लहान होते. एकट्या एका घोड्याचा आकडा घसरला असं वाटलं, तर आधी बाकीच्यांचे आकडे बघा.

वही ठेवा

एक पाचशे पानी वही घ्या, एका पानावर एक सायर. वर त्याचं जन्मसाल, बाप, पैदाशीला कधी लागला. खाली दर वर्षी चारच आकडे: किती शिंगरं, किती धावली, किती जिंकली, ग्रेड शर्यतीत किती. उजवीकडे समासात स्वतःचं मत तारखेसह लिहा आणि नंतर खोडू नका. मोसमात शनिवार-रविवारी एम्प्रेस गार्डनच्या शेजारच्या त्या मैदानावर जाल, तेव्हा ही वही पिशवीत असू द्या. पावसात भिजते, म्हणून प्लास्टिकचं कव्हर घाला.

माझ्या वहीत एका स्टॅलियनचं पान आहे. समासात मी लिहिलं होतं, "पोरं सुस्त, लांब पल्ल्यालाही दम नाही, सोडून द्यावा." तेव्हा सगळ्यांचंच ते मत होतं, फार्मनेही त्याच्याकडे घोड्या पाठवणं थांबवलं आणि काही वर्षांनी तो मेला. मग मी नव्या सायरांची पानं भरत गेलो. चांगल्या विजेत्यांच्या आयांची वंशावळ लिहिताना एक नाव वारंवार यायला लागलं, आईच्या बापाच्या जागी. एकदा, दोनदा, मग एका पावसाळ्यात पाचदा. त्याच्या मुली पळाल्या नव्हत्या, पण दुसऱ्या सायरकडे गेल्यावर त्यांची पोरं पळत होती. मी मागे जाऊन ते जुनं पान काढलं. समासातलं वाक्य तसंच ठेवलं आणि खाली नवा रकाना आखला: मुलींची पोरं. तुमच्या वहीत हा रकाना पहिल्या दिवसापासून आखून ठेवा.